भाटकार बदलला, आता सर्व्हरचं काय?

म्हापशाच्या एका पतसंस्थेत संगणक विभाग सांभाळणाऱ्या तरुणाचा प्रश्न थोडक्यात असा: संस्थेचे चार सर्व्हर एका मुक्त लिनक्सवर, म्हणजे विंडोजसारखंच काम करणाऱ्या पण कोड सर्वांना खुला (ओपन सोर्स) असलेल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर, चालतात. ती लिनक्स तयार करणारी कंपनी दुसऱ्या, बरीच मोठ्या कंपनीकडे जाणार अशी बातमी आहे. एका संचालकांनी ती वाचली आणि बैठकीत विषय काढला, "उद्या त्यांनी दुकान बंद केलं तर ठेवीदारांना काय तोंड दाखवायचं? त्यापेक्षा आत्ताच विंडोजवर जाऊया." आता याने लेखी मत द्यायचं आहे.

विंडोजवर जायचं का, एवढंच विचारत असाल तर नाही. बातमी आली म्हणून तुमचा एकही सर्व्हर कालच्यापेक्षा आज कच्चा झालेला नाही. पण "काही होत नाही हो, ओपन सोर्स आहे" असं सांगून मोकळं व्हायचीही माझी तयारी नाही. हे वाक्य मी स्वतः २००९ मध्ये एका ग्राहकाला ऐकवलं होतं आणि दोन वर्षांनी गिळलं होतं. ती गोष्ट पुढे येईलच.

तुमच्या संचालकांना समजेल अशा भाषेत आधी मांडते. आपल्याकडे गोव्यात भाटकार (जमीनमालक) आणि मुंडकार (त्याच्या जमिनीत घर करून राहणारा) हे नातं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. भाट विकलं गेलं, नवा भाटकार दिल्लीचा आला, तरी मुंडकाराला घराबाहेर काढता येत नाही. १९७५ चा कायदा आहे. ओपन सोर्सचा परवाना असाच कायदा आहे. जीपीएल या ओपन सोर्स परवान्याखाली एकदा वाटलेला कोड कुठलाही नवा मालक परत मागू शकत नाही. घर तुमचं सुरक्षित. पण विहिरीकडे जाणारी वाट, माडांना घातलं जाणारं पाणी, कुंपण नीट ठेवणारा गडी, यांचं काय? ते कायद्यात नव्हतंच. जुना भाटकार चांगला होता म्हणून चालत होतं.

ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रकल्पात ही 'विहीर' म्हणजे तीन गोष्टी. एक, नाव आणि बोधचिन्ह, म्हणजे ट्रेडमार्क. तो कंपनीच्या मालमत्तेत असतो आणि कंपनीबरोबर विकला जातो. दुसरी, कारखाना: पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरचे तयार गठ्ठे, जिथे बांधली जातात ती यंत्रं, त्यांवर शिक्का मारणाऱ्या सह्यांच्या चाव्या, जिथून आपण अपडेट ओढतो ते मिरर. तिसरी, पगारी माणसं. कर्नलमधली, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यातली, एखादी भेग दुपारी कळली आणि संध्याकाळी तिचं ठिगळ आपल्या सर्व्हरवर आलं, ते कुणीतरी महिन्याच्या पगारावर बसून केलेलं असतं. विलीनीकरणात कोड जागच्या जागी राहतो. हलतं ते हे सगळं.

आणि हलतं ते बातमीच्या दिवशी नव्हे. त्या दिवशी दोन्ही कंपन्यांचे प्रमुख हसतमुखाने सांगतात की काहीही बदलणार नाही. ते खोटं बोलत असतात असंही मला वाटत नाही. त्या दिवशी खरंच काही बदललेलं नसतं. बदल येतो तो पुढच्या अंदाजपत्रकात. नवा मालक वही उघडून बसतो आणि प्रत्येक ओळीपुढे विचारतो: हे कमाईच्या रकान्यात की खर्चाच्या? फुकट वाटली जाणारी ऑपरेटिंग सिस्टीम खर्चाच्या रकान्यात पडली, किंवा त्याहून वाईट म्हणजे आपल्याच विकाऊ मालाची स्पर्धक म्हणून दिसली, की तिची घटका भरत आली समजा.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण सन मायक्रोसिस्टिम्सचं. सनने २००५ मध्ये सोलारिस या आपल्या ऑपरेटिंग सिस्टीमचा मोठा भाग ओपनसोलारिस या नावाने खुला केला. डीट्रेस (चालू सिस्टीमची तपासणी करणारं साधन), झेडएफएस (डिस्कवर माहिती साठवणारी फाइल सिस्टीम) अशी रत्नं त्यात होती. एप्रिल २००९ मध्ये ओरॅकलने ७.४ अब्ज डॉलरना सन घेत असल्याचं जाहीर केलं. युरोपीय आयोगाने हा व्यवहार काही महिने अडवून धरला, पण तो सनच्या मायएसक्यूएल या डेटाबेसच्या काळजीने. ऑपरेटिंग सिस्टीमची काळजी कुणी फारशी केली नाही. जानेवारी २०१० मध्ये व्यवहार पूर्ण झाला.

त्यानंतर जे झालं त्याला मी 'मौन' म्हणते. कुणी काही बंद केलं नाही. फक्त २०१०.०३ नावाची ठरलेली आवृत्ती मार्चमध्ये आली नाही, एप्रिलमध्ये आली नाही, कधीच आली नाही. समुदायाच्या नियामक मंडळाने जुलैत ओरॅकलला मुदत घातली: बोलायला कुणीतरी माणूस नेमा, नाहीतर आम्ही स्वतःला बरखास्त करतो. उत्तर आलं नाही. ऑगस्टच्या मध्याला कंपनीतली अंतर्गत टिपणी बाहेर फुटली आणि कळलं की विकास आता बंद दाराआड होणार. २३ ऑगस्टला मंडळाने खरोखरच स्वतःला बरखास्त केलं.

परवाना ओपन सोर्सचा असूनही दार कसं लावता आलं? कारण योगदान देणाऱ्या प्रत्येकाकडून सनने एक करार सही करून घेतला होता आणि त्यामुळे पूर्ण कोडवर सनचा स्वतंत्र हक्क होता. ज्याच्याकडे सगळा हक्क, तो पुढच्या आवृत्तीपासून परवाना बदलू शकतो. लिनक्स कर्नलचं तसं नाही. तिथे हजारो जणांचा हक्क तुकड्यातुकड्यांत विखुरलेला आहे, आणि सगळ्यांच्या सह्या एका कागदावर आणणं जवळपास अशक्य.

म्हणजे जुना कोड राहिला, बरोबर? हो, पण पुरता नाही. ओपनसोलारिसमधले काही तुकडे कधी खुले झालेच नव्हते. मूळ सी लायब्ररीचा वेगवेगळ्या भाषा आणि अक्षरमाला सांभाळणारा भाग सनने फक्त बायनरी, म्हणजे कोड न दाखवता यंत्रालाच वाचता येणाऱ्या, स्वरूपात दिला होता. ३ ऑगस्ट २०१० ला इल्युमॉस नावाचा प्रकल्प जाहीर झाला तेव्हा त्या मंडळींना पहिलं काम हे करावं लागलं: हे बंद तुकडे नव्याने लिहिणं. घर आपलं म्हणून राहत होतो आणि एक भिंत भाटकाराची निघाली. सप्टेंबरमध्ये इल्युमॉसच्या वाटेने ओपनइंडियाना आलं. सनमधले नावाजलेले अभियंते एकेक करून बाहेर पडले आणि त्यातले बरेच इल्युमॉसभोवती दिसू लागले. कोड जगला, तो माणसं त्याच्या मागे गेली म्हणून.

आता माझी गोष्ट. २००९ मध्ये फोंड्याजवळच्या एका छापखान्याला मी ओपनसोलारिस २००९.०६ बसवून दिलं. सहा डिस्क, झेडएफएस, त्यावर पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिका, कॅलेंडरं, देवस्थानांचे अहवाल. मालकांनी विचारलं, "बाई, ही कंपनी विकली जातेय म्हणतात?" मी म्हटलं, "काही होत नाही, ओपन सोर्स आहे." वर्षभर अपडेट आले नाहीत. मग ओरॅकलचं सोलारिस ११ एक्सप्रेस आलं तेव्हा मी वेगळ्या डिस्कवर ते बसवलं आणि जुना पूल (सहा डिस्क एकत्र करून झेडएफएसने केलेला साठा) त्यात घेतला. पूलची स्थिती तपासायची आज्ञा दिली तर खाली नम्र सूचना: हा पूल जुन्या पद्धतीचा आहे, अपग्रेड करून घ्यावा. मी 'झेडपूल अपग्रेड' टाइप केलं आणि एंटर दाबलं. दोन सेकंदांत झालं. खूश होऊन चहाला गेले.

पुढच्या जूनमध्ये एक्सप्रेसचा परवाना नीट वाचला. विकतचा करार नसेल तर रोजच्या कामाला वापरायचं नाही असं त्यात स्पष्ट होतं, मीच आधी वाचलं नव्हतं. ठीक, मग ओपनइंडियानावर जाऊ म्हणून डिस्क तिथे जोडल्या. पूल उघडेना. त्या एका एंटरने पूल आवृत्ती ३१ वर गेला होता, आणि खुल्या जगाकडे शेवटची आवृत्ती होती २८. मधल्या आवृत्त्या दार बंद झाल्यानंतरच्या. परतीची आज्ञा नाही. माहिती सगळी शाबूत, पण तिला वाचणारं एकच दार, आणि ते आता खासगी.

दुसरं यंत्र उसनं आणून, शंभर मेगाबिटच्या स्विचवरून जवळपास दोन टेराबाइट आरसिंकने ओढत बसले. अडीच दिवस. बाहेर मृगाचा पाऊस, दर दोन तासांनी वीज जायची, आणि यूपीएसची पिंकपिंक ऐकत मी जुन्या पुठ्ठ्यांवर बसून डुलक्या काढत होते. मालकांनी एक शब्द बोलून दाखवला नाही, त्याचंच जास्त लागलं.

या खटाटोपातून एक सवय लागली: मालकी बदलाच्या काळात उलटं फिरता येत नाही असं कुठलंच अपग्रेड करायचं नाही. फाइल सिस्टीमची आवृत्ती, डेटाबेसचा साठवणीचा साचा, काहीही. नवी माणसं नवी वैशिष्ट्यं कुठल्या कुंपणाच्या आत ठेवणार हे कळेपर्यंत हात आवरायचा. झेडएफएसच्या खुल्या शाखेने पुढे आवृत्त्यांचे आकडे सोडून वेगवेगळ्या वैशिष्ट्यांच्या खुणा ठेवायची पद्धत आणली आणि २०१३ मध्ये ओपनझेडएफएस हे नाव घेतलं. आज लिनक्सवर तुम्ही वापरता ते तेच.

आता तुमच्या घरच्या कुळाकडे येऊ, कारण तुमचे सर्व्हर रेड हॅटच्या वंशातले आहेत असं तुम्ही कळवलंय. इथे लोक एक सरधोपट गोष्ट सांगतात: आयबीएमने रेड हॅट घेतलं आणि सेंटओएस, म्हणजे रेड हॅटच्या विकाऊ लिनक्सची फुकट प्रत, मारलं. तारखा पाहिल्या तर ती खरीही वाटते. ऑक्टोबर २०१८ मध्ये ३४ अब्ज डॉलरची घोषणा, जुलै २०१९ मध्ये व्यवहार पूर्ण, आणि ८ डिसेंबर २०२० ला जाहीर झालं की सेंटओएस ८ चा आधार २०२९ ऐवजी २०२१ च्या अखेरीस संपेल. पण माझ्या मते सेंटओएसचं भाट विकलं गेलं ते त्याच्या कितीतरी आधी, जानेवारी २०१४ मध्ये. तेव्हा सेंटओएस रेड हॅटच्या छत्राखाली गेलं: मुख्य माणसांना तिथे नोकरी, नाव त्यांच्याकडे, यंत्रं त्यांची. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, मीसुद्धा. चला, आता अपडेट वेळेवर येतील! आणि आलेही. पण त्या दिवसापासून सेंटओएस हा एका कंपनीच्या वहीतला खर्च झाला, तोही तिच्याच विकाऊ मालाची फुकट प्रत असलेला. आयबीएम नसतं आलं तर हे झालंच नसतं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. रेड हॅट तर निर्णय आपलाच असल्याचं सांगते.

त्यानंतरची पळापळ मात्र शिकण्यासारखी आहे. क्लाउडलिनक्स या कंपनीने सेंटओएसच्या जागी अल्मालिनक्स सुरू केलं आणि मार्च २०२१ मध्ये पहिली पक्की आवृत्ती दिली. सेंटओएसच्या मूळ संस्थापकांपैकी ग्रेगरी कर्ट्झर यांनी रॉकी लिनक्स काढलं. ते जूनमध्ये आलं. म्हणजे कोड खुला असल्याने तीन-सहा महिन्यांत नवं घर उभं राहिलं. ओपनसोलारिसच्या अनाथांना एवढं नशीब लाभलं नव्हतं, कारण तिथे वापरणारे मोजके होते आणि इथे अर्ध्या जगाचे वेब सर्व्हर रांगेत उभे होते. गर्दी हाही एक परवानाच, असं मी गमतीने म्हणते.

पण कुंपण पुन्हा सरकलं. जून २०२३ मध्ये रेड हॅटने जाहीर केलं की विकाऊ आवृत्तीचा सोर्स सर्वांसाठी फक्त सेंटओएस स्ट्रीम या विकाऊ आवृत्तीच्या पुढे चालणाऱ्या विकास-आवृत्तीतून मिळेल, बाकी ग्राहकांपुरता. जीपीएलचं अक्षर पाळलं गेलं, कारण सोर्स कुणाला द्यायचा याबाबत ज्याला बायनरी दिली त्याला द्या, एवढंच तो मागतो. अल्माने हुबेहूब नक्कल सोडून सुसंगततेवर भर दिला. ओरॅकल, सुसे आणि रॉकीमागची कंपनी सीआयक्यू यांनी ऑगस्टमध्ये ओपनईएलए नावाची संघटना काढली. होय, ओरॅकल, सोलारिसचं दार लावणारीच. या धंद्यात कुणी कायमचा खलनायक नसतो, ज्याच्या त्याच्या वहीचा रकाना तेवढा असतो.

कारखान्याचं महत्त्व बघायचं असेल तर जुलै २०२४ आठवा. सेंटओएस ७ ची मुदत ३० जूनला संपली आणि लगेच त्याची मिररलिस्ट, म्हणजे अपडेट कुठून ओढायचे ती यादी, देणारा पत्ता बंद झाला. डिचोलीच्या एका कारखान्यातलं हजेरीचं यंत्र मी 'करू, करू' म्हणत तसंच ठेवलं होतं. सकाळी 'यम' (yum) या पॅकेज बसवणाऱ्या साधनाला अपडेट सांगितलं तर उत्तर आलं की हा होस्टच सापडत नाही. सर्व्हर धडधाकट, कोड जिथल्या तिथे, आणि साधं एक पॅकेज बसवायचं तर रेपोच्या, म्हणजे पॅकेजेसच्या पत्त्यांच्या, फायली हाताने उघडून जुन्या संग्रहाचा पत्ता घालावा लागला. चूक माझीच; तारीख कित्येक वर्षं आधी जाहीर होती.

बाकीची उदाहरणं भराभर सांगते. दोन कंपन्यांकडे एकाच कामाची दोन उत्पादनं असली की सहसा विकत घेणाऱ्याचं टिकतं. २००५ मध्ये फ्रान्सच्या मँड्रेकसॉफ्टने ब्राझीलची कोनेक्टिव्हा घेतली आणि कोनेक्टिव्हाचं वितरण, म्हणजे तिने बांधून दिलेली लिनक्स, संपलं. पुढे दोघींची मिळून झालेली मँड्रिव्हाच डळमळली तेव्हा तिच्या लोकांनी २०१० मध्ये मजिया हे नवं वितरण काढलं, आणि या वेळी नाव कंपनीकडे न ठेवता संस्थेकडे ठेवलं. पोळलेली माणसं ती. कोअरओएस ही कंपनी जानेवारी २०१८ मध्ये रेड हॅटने २५ कोटी डॉलरना घेतली. तिचं कंटेनर लिनक्स मे २०२० मध्ये बंद झालं. त्याची शाखा फ्लॅटकार जगली, तिची कंपनी किनवोक पुढे मायक्रोसॉफ्टने घेतली, आणि आता तो प्रकल्प तटस्थ फाउंडेशनच्या छताखाली आहे.

आणि उलट बाजूचं उदाहरण न सांगणं अन्यायाचं होईल. सुसे ही लिनक्स कंपनी किती वेळा विकली गेली बघा: २००४ मध्ये नोव्हेलकडे, २०११ मध्ये अॅटॅचमेटकडे, २०१४ मध्ये मायक्रो फोकसकडे, २०१९ मध्ये ईक्यूटी या गुंतवणूक कंपनीकडे. चार भाटकार! आणि ओपनसुसे हे तिचं समुदायाचं वितरण आजही चालू आहे, त्यातलं टम्बलवीड तर जवळपास रोज नव्या पॅकेजेससह. कारण यातल्या कुणाच्याही वहीत सुसे लिनक्स दुसऱ्या मालाची स्पर्धक नव्हती, तोच कमाईचा रकाना होता, आणि ओपनसुसेतून त्याला कच्चा माल मिळत होता. तरीही २०२४ मध्ये सुसेने समुदायाला नाव बदलण्याचा विचार करा असं सुचवलंच. नाव शेवटी कंपनीचं.

डेबियन या वितरणाची गंमत अशी की तिथे विकत घ्यायला काहीच नाही. नाव ना-नफा संस्थेकडे, माणसं शेकडो मालकांकडे नोकरीला, निर्णय मतदानाने. त्याची किंमत म्हणजे भांडणं लांबतात. मला ती किंमत परवडते, तुमच्या संचालकांना फोनवर जबाबदार माणूस हवा असेल तर कदाचित नाही परवडणार.

आता तुमच्या टिपणाचं. कोण कोणाला घेतंय यापेक्षा का घेतंय हे आधी शोधा. विकत घेणाऱ्याकडे स्वतःची अशीच ऑपरेटिंग सिस्टीम आहे का एवढं पाहिलं तरी अर्धं कळतं. मग प्रकल्पाच्या मुख्य रिपॉझिटरीवर (कोडच्या साठ्यावर) गिट शॉर्टलॉग, म्हणजे कुणी किती बदल केले ते मोजणारी आज्ञा, चालवा, गेल्या वर्षापुरता, ईमेल पत्त्यांसकट. पत्त्यांचा शेवटचा भाग मोजा. दहापैकी नऊ जण एकाच कंपनीचे असतील तर तो प्रकल्प त्या कंपनीचा विभाग आहे, परवाना काहीही असो. योगदानाचा करार आहे का आणि तो कंपनीला परवाना बदलू देतो का, हेही वाचा. कंटाळवाणं असतं, पण दोनच पानं असतात. आणि पुढचं वर्षभर लक्ष ठेवा ते घोषणांवर नाही, शांततेवर. ठरलेली आवृत्ती सरकली आणि कुणी कारण सांगेना. समुदायाशी बोलणाऱ्या पदावरचा माणूस गेला आणि जागा भरली नाही. २०२३ मध्ये रेड हॅटच्या नोकरकपातीत फेडोरा या तिच्या पाठबळावरच्या समुदायाच्या लिनक्सच्या प्रोग्राम मॅनेजरचं पद गेलं. फेडोराच्या आवृत्त्या त्यानंतरही येत राहिल्या, त्यामुळे एका खुणेवर निकाल देऊ नका. दोन-तीन एकत्र दिसल्या तर मात्र हला.

संचालकांना लिहा की आज स्थलांतराचा खर्च करायचा नाही, पण सरावाचा करायचा. तुमच्या चारपैकी जो सर्व्हर नुसती कर्मचाऱ्यांची हजेरी सांभाळतो त्याची व्हर्च्युअल प्रत काढा आणि एका शनिवारी ती त्याच कुळातल्या दुसऱ्या वितरणावर नेऊन बघा. अल्मा आणि रॉकी दोघांकडे तयार स्क्रिप्ट आहेत. किती वेळ लागला, काय मोडलं, ते तारखेसह वहीत. कोअर बँकिंगचं सॉफ्टवेअर देणाऱ्यांना लेखी विचारा की ते कुठल्या वितरणांना आधार देतात. तोंडी 'हो हो, चालतं' धरू नका. आणि आत्ता वापरताय त्या आवृत्तीची पॅकेजेस आणि सह्यांच्या सार्वजनिक चाव्या एका वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवा. डिस्क कपाटात ठेवताना वर चिठ्ठी चिकटवा, नाहीतर चवथीच्या साफसफाईत कुणीतरी तिच्यावर आरत्यांची गाणी भरेल. आमच्याकडे झालंय.